दुःख ओसरलं, तरी मन रमत नाही: थेरपीत सुखद भावना पुन्हा उभ्या करण्याची पद्धत

थेरपीचे काही महिने झाले. रडू कमी झालं, छातीतली धडधड थांबली, कामावर जाणं सुरू झालं. घरचे म्हणतात, "आता बरी दिसतेस." तरीही आवडीचं गाणं लागलं तर ते फक्त ऐकू येतं, आत काही हलत नाही. मैत्रिणीला भेटायचं ठरतं आणि भेट रद्द झाल्याचा निरोप आला की हायसं वाटतं. त्रास गेला, पण गोडी परतली नाही, अशी ही अवस्था. ती इतकी सर्रास आढळते की पुष्कळ जण तिलाच 'बरं होणं' समजून उपचार थांबवतात.

१९९१ मध्ये ली ॲना क्लार्क आणि डेव्हिड वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. नकोशा भावनांचा जोर चिंता आणि नैराश्य या दोन्हींत असतो, पण सुखद भावनांचा तुटवडा ही मुख्यतः नैराश्याची खूण आहे. पुढे सोशल अँग्झायटीतही (लोकांत वावरताना वाटणाऱ्या तीव्र भीतीतही) हा तुटवडा दिसून आला. म्हणजे भावनांच्या पट्ट्या दोन आहेत, आणि एक खाली आली म्हणून दुसरी आपोआप वर चढत नाही. नेहमीच्या उपचारांचा बहुतेक वेळ पहिल्या पट्टीवर जातो: भीती कमी करा, चुकीचे विचार तपासा, टाळाटाळ थांबवा. ते सगळं लागतंच. दुसऱ्या पट्टीसाठी मात्र वेगळं काम करावं लागतं.

मिशेल क्रॅस्क, ॲलिशिया म्युरेट, थॉमस रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगळ्या कामाची १५ सेशनची एक रीतसर पद्धत बसवली. तिला 'पॉझिटिव्ह अफेक्ट ट्रीटमेंट' म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ जणांपैकी काहींना ही पद्धत दिली गेली आणि बाकीच्यांना नकोशा भावना कमी करणारी नेहमीची थेरपी. पहिल्या गटात सुखद भावना अधिक वाढल्या, आणि उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं तर नैराश्य आणि चिंताही कमी होती. २०२३ मध्ये ८५ जणांवरच्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्षही याच दिशेचे आले. पुढच्या पायऱ्यांचा सांगाडा या पद्धतीचा आहे. त्या थेरपिस्टच्या सोबतीने करायच्या आहेत. आठवडाभराचा सराव तुमचा, त्याची तपासणी सेशनमध्ये.

सुरू करण्याआधी

चार गोष्टी आधी पाहून घ्या. जीव द्यावासा वाटत असेल, तसे बेत मनात येत असतील, तर हे सराव बाजूला ठेवून आधी तातडीची मदत घ्यायची: थेरपिस्ट, डॉक्टर, आपत्कालीन सेवा, जे सगळ्यात लवकर मिळेल ते. आयुष्यात कधी काही दिवस झोप न घेताही प्रचंड उत्साह, बेफाम खर्च, भरधाव बोलणं असा काळ येऊन गेला असेल, तर बायपोलर आजाराची शक्यता मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. त्या आजारात उत्साह वाढवणारे सराव जपून आणि झोपेवर लक्ष ठेवूनच करावे लागतात.

तिसरी गोष्ट शरीराची. थायरॉइडचं काम मंदावणं, रक्त कमी असणं, झोपेचे आजार यांनीही माणूस असाच थंड पडतो. नैराश्यावरच्या काही औषधांनी भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. तसं वाटत असेल तर औषध परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. आणि चौथी गोष्ट परिस्थितीची. घरात मारहाण होत असेल, किंवा जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर 'चांगलं काय ते बघ' हा सल्ला क्रूर ठरतो. तिथे आधी सुरक्षितता आणि शोकाला जागा.

नेमकं अडलंय कुठे?

'मजा येत नाही' या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड असू शकतात. पहिला ओढीचा: करावंसंच वाटत नाही, पण केलं तर बरं वाटतं. दुसरा चवीचा: करावंसं वाटतं, केलंही, पण करताना काही जाणवत नाही. तिसरा शिकण्याचा: केलं, बरं वाटलं, पण पुढच्या वेळी मन पुन्हा म्हणतं, 'काही उपयोग नाही.' म्हणजे झालेल्या अनुभवाची नोंद आत राहतच नाही. हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्यामागे मेंदूतल्या काहीशा वेगळ्या यंत्रणा आहेत, हे केंट बेरिज यांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणूनच एखाद्यात यातली एकच गोष्ट बिघडलेली असू शकते.

ओळखायचं कसं? गेल्या आठवड्यातली एखादी बरी गोष्ट घ्या आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. जाण्याआधी किती उत्सुकता होती? तिथे असताना किती बरं वाटलं? आज पुन्हा जायचं म्हटलं तर किती बरं वाटेल असा अंदाज आहे? प्रत्येकाला ० ते १० मध्ये आकडा द्या. १, ६, २ असे आकडे आले तर करताना मजा येतेय, पण ओढही नाही आणि अनुभवाची नोंदही राहत नाही. अशा माणसाला 'मन लावून कर' असं सांगून काही होत नाही, कारण मन लागतंच आहे. त्याला पुढच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची जास्त गरज. ३, १, १ आले तर करत असतानाच दार बंद आहे, आणि मग पुढचा 'विरजण' हा भाग आधी वाचा.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. दिवसातून चार वेळा (उठल्यावर तासाभराने, दुपारी, संध्याकाळी, झोपण्याआधी) दोन आकडे लिहायचे: अस्वस्थता किती, सुखद किती. दोन्ही ० ते १०. एकच 'मूड' आकडा लिहू नका. त्यात 'घाबरलेय पण उत्सुकही आहे' ही अवस्था हरवते, आणि आपल्याला नेमकी तीच शोधायची आहे.

'सुखद' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खळखळून हसणं येतं आणि मग आठवडाभर शून्यच लिहिलं जातं. म्हणून शब्द बारीक करा. शांत, निवांत, हलकं, कुतूहल, आपुलकी, समाधान, कौतुक, अभिमान, गंमत, उत्साह, सुटल्यासारखं वाटणं: यातलं काहीही थोडंसं असलं तरी ते सुखद. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि आकड्याशेजारी एक शब्द लिहा.

रात्री बसून दिवसभराचे चारही आकडे आठवून भरले तर नोंद फुकट जाते. नैराश्यात आठवण वाईटाकडे झुकते, त्यामुळे दुपारी ४ असलेलं रात्री १ वाटतं. मोबाइलवर गजर लावा. एखादी वेळ चुकली तर ती जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका.

दुसरी पायरी: कामं निवडणं आणि वेळापत्रकात बसवणं

आता यादी करा, १५ ते २० गोष्टींची. तीन प्रकार तरी त्यात हवेत. निव्वळ आवडीच्या (गाणं, चालणं, चित्र, बागकाम), हातून काही पूर्ण झाल्याचं समाधान देणाऱ्या (एक कप्पा आवरणं, अडलेला अर्ज भरणं), आणि माणसांशी जोडणाऱ्या. सुचत नसेल तर पूर्वी काय आवडायचं ते लिहा, पण त्याच्याशी आजची तुलना करायची नाही असं आधीच ठरवून. प्रत्येकीपुढे 'आज हे करणं किती अवघड' याचा आकडा लिहा.

सुरुवात २ ते ४ अवघड असलेल्या गोष्टींनी करायची. या पायरीच्या पहिल्या आठवड्यात तीन, नंतर पाचपर्यंत. प्रत्येकीला वार, वेळ, जागा आणि मिनिटं ठरवून द्या. 'जरा फिरून येईन' हा बेत होत नाही. 'बुधवारी सहाला, बागेत एक फेरी, २० मिनिटं' हा होतो. ठरलेली गोष्ट दोनदा राहून गेली तर ती मोठी होती असं धरा आणि निम्मी करा: बुटांची लेस बांधून दारापर्यंत जाणं, इतकीसुद्धा. स्वतःला दूषणं देण्यापेक्षा काम लहान करणं केव्हाही फायद्याचं.

इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. ओढीचा बिघाड असेल तर इच्छा आधी येणारच नाही. आधी कृती, मग थोडं बरं वाटणं, मग पुढच्या वेळी किंचित ओढ, असा हा क्रम आहे. नैराश्यात कृतीपासून सुरुवात करण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला भक्कम आधार आहे. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाला असं दिसलं की उपचारातला नुसता कृतीचा भाग संपूर्ण कॉग्निटिव्ह थेरपीइतकाच (चुकीचे विचार तपासून बदलणाऱ्या उपचाराइतकाच) उपयोगी पडतो. २०१६ मधला ४४० जणांवरचा ब्रिटनमधला अभ्यासही तेच सांगतो.

नोंद अशी दिसते:

बुधवार, संध्याकाळी ६ ते ६:२०. बागेत एक फेरी.
आधी: अस्वस्थता ६, सुखद २. अंदाज: 'नंतरही २ च असेल.'
नंतर: अस्वस्थता ५, सुखद ४ (हलकं).
एक क्षण: वळणावर झुळूक आली, मानेवरचा घाम गार झाला.
लगेच आलेला विचार: 'यात काय विशेष.'

'अंदाज' हा रकाना गाळू नका. अंदाज २ आणि प्रत्यक्षात ४, हा फरक म्हणजे मेंदूला मिळालेली नवी माहिती. दहा-बारा नोंदी झाल्या की अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. 'काही उपयोग नाही' या वाक्याला कोणी समजावून देण्यापेक्षा स्वतःच्या अक्षरातले हे आकडे जास्त पटतात.

कामं निवडतानाच्या नेहमीच्या चुका सांगतो. यादीत सगळी कर्तव्यंच येतात: मुलांचा अभ्यास, बिलं, आईचं औषध. ती करावीच लागतात, पण पाचपैकी दोन तरी अशी हवीत की ती केली नाहीत तर कुणाचंच अडणार नाही. दुसरी चूक मोबाइल. दोन तास रील्स पाहिल्यावरचा आकडा प्रामाणिकपणे लिहा. बहुतेकदा अस्वस्थता तेवढ्यापुरती दबते आणि सुखदचा आकडा हलत नाही. तिसरी चूक चिंता असलेल्यांची खास: 'घरी एकटीने पुस्तक वाचणं' हेच आवडीचं काम म्हणून सहा वेळा लिहिलं जातं, आणि खरं कारण असतं माणसं टाळणं. एखादी गोष्ट आवड आहे की आडोसा, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: भीती नसती तर मी आज हेच निवडलं असतं का?

तिसरी पायरी: क्षण पुन्हा जगणं

नुसत्या कृतीने काम भागत नाही ते इथे. बागेत फेरी मारली, सुखद ४ झालं, आणि घरी येईपर्यंत पुसलं गेलं. म्हणून प्रत्येक ठरलेल्या कामानंतर, शक्यतो त्याच दिवशी, ५ ते १० मिनिटं त्यातला सगळ्यात बरा क्षण डोळे मिटून पुन्हा जगायचा. सेशनमध्ये थेरपिस्ट हे करवून घेतो, घरी स्वतः करायचं. नियम तीन: वर्तमानकाळात बोलायचं, स्वतःच्या डोळ्यांतून पाहायचं, आणि सारांश न सांगता तपशील सांगायचा.

सेशनमध्ये ते साधारण असं चालतं.

"डोळे मिटा, नाहीतर नजर जमिनीवर ठेवा. बागेत वळणापाशी आहात. पायाखाली काय आहे?"
"वाळकी पानं."
"आवाज येतोय?"
"हो, चुरचुर येतोय."
"आता झुळूक येतेय. कुठे लागते?"
"मानेला. कॉलरच्या मागे. पण ते दोनच सेकंद होतं."
"त्या दोन सेकंदांतच थांबू. मान कशी लागतेय?"
"गार. खांदे जरा खाली आलेत."
"खांदे खाली आलेत. चेहऱ्यावर काय होतंय?"
"सैल वाटतोय. जबडा."

या संवादात थेरपिस्टने 'छान!' म्हटलेलं नाही, आणि 'बघा, किती बरं वाटलं!' असंही म्हटलेलं नाही. कौतुक केलं की माणूस क्षणातून बाहेर येऊन परीक्षा देऊ लागतो. 'पण ते दोनच सेकंद होतं' या वाक्याशी वादही घातलेला नाही, फक्त त्या दोन सेकंदांचं आकारमान वाढवलं. प्रश्न शरीराचे आणि इंद्रियांचे आहेत. 'तुम्हाला काय वाटलं?' असं विचारलं की विश्लेषण सुरू होतं, म्हणून तो प्रश्न सगळ्यात शेवटी.

स्वतःला लांबून पाहणं हा इथला मोठा अडसर. पुष्कळ जणांना, विशेषतः सोशल अँग्झायटी असलेल्यांना, आठवणीत स्वतःचंच चित्र दिसतं: बागेत चालणारी एक वाकलेली आकृती. एमिली होम्स यांच्या प्रयोगांतून दिसलं की चांगलं दृश्य असं बाहेरून पाहिलं तर मूड सुधारण्याऐवजी उतरूही शकतो, कारण तिथे तुलना शिरते. उपाय म्हणजे हातांकडे पाहणं. 'माझे हात कुठे आहेत, काय धरलंय?' हे विचारलं की दृष्टी पुन्हा आपल्या डोळ्यांमागे येते.

डोळे मिटल्यावर भलतीच जुनी, भयंकर आठवण वर येत असेल, किंवा सगळं सुन्न आणि दूर गेल्यासारखं वाटत असेल, तर डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून, एखाद-दुसरा मिनिटच करा, आणि थेरपिस्टला सांगा. आघाताचं काम वेगळ्या पद्धतीने होतं.

विरजण

थोडं बरं वाटू लागलं की लगेच एक वाक्य येतं. 'हे टिकणार नाही.' 'माझी लायकी नाही.' 'इतकं हसू नकोस, रडावं लागेल.' 'बाकीचे एवढ्या अडचणीत, आणि मी फिरतेय.' 'यात काय विशेष.' आनंदावर स्वतःच विरजण घालण्याची ही सवय नैराश्यात पक्की झालेली असते, आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी सराव फसतो तो कृती न केल्याने नाही, तर या एका वाक्याने.

चिंतेत तिचा आणखी एक नमुना आहे. मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी २०११ मध्ये असं मांडलं की सतत काळजी करणाऱ्या माणसाला वाईट वाटण्यापेक्षा चांगल्यातून एकदम वाईटात कोसळण्याची धास्ती जास्त असते. आधीच काळजीत असलं की कोसळायला जागाच उरत नाही. काळजी अशा वेळी ढाल होते, आणि निवांतपणा म्हणजे ढाल खाली ठेवणं. म्हणूनच काहींना आराम करायला सांगितला की छातीत धडधडतं. असं झालं तर सराव चुकला असं समजायचं कारण नाही. तिथेच तर काम आहे.

ते असं करायचं. पहिल्यांदा विरजणाची वाक्यं गोळा करा. नोंदीतला शेवटचा रकाना त्यासाठीच आहे. आठवड्यात साधारण तीच तीन-चार वाक्यं फिरून येताना दिसतील. त्यांना छोटी नावं द्या: 'टिकणार नाही', 'लायकी', 'लोक'. मग वाक्य आलं की नाव घ्या आणि ज्या संवेदनेवर होतात तिथे परत या: 'टिकणार नाही आलं. मान गार आहे.' त्याला खोडून काढायला बसू नका, कारण ५ मिनिटं वाद घातला तर क्षण गेला तो गेलाच.

दुसरं म्हणजे मात्रा. सुखद भावनेची भीती असेल तर तिच्याकडे टप्प्याटप्प्याने जायचं, जसं उंचीच्या भीतीत जातो. पहिले तीन दिवस फक्त १० सेकंद त्या जाणिवेत थांबायचं आणि मुद्दाम बाहेर पडायचं. मग ३० सेकंद, मग एक मिनिट, मग तीन. प्रत्येक वेळी दोन आकडे: धास्ती किती, सुखद किती. पहिल्या काही दिवसांत धास्ती चढते. ती असतानाही थांबायचं. आणि एक अंदाज आधी लिहायचा: 'मी तीन मिनिटं निवांत बसले तर काय वाईट होईल?' संध्याकाळी तो तपासायचा. क्वचित वाईट बातमी खरंच येते. तेव्हा तपासायचा प्रश्न वेगळा: तीन मिनिटं काळजी केली असती तर ती बातमी आली नसती का, की झेपायला सोपी गेली असती?

'मी आनंदी आहे, मी समर्थ आहे' अशी वाक्यं आरशासमोर म्हणणं हा यावरचा उपाय नव्हे. २००९ मध्ये जोआन वूड यांच्या प्रयोगात असं दिसलं की स्वतःबद्दल कमी किंमत असणाऱ्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य जोरात म्हटलं की मन त्याच्याविरुद्धचे पुरावे काढू लागतं. 'मी आनंदी व्हायलाच हवं' हा आग्रहही असाच उलटतो. सुखदचा आकडा २ वरून ३ झाला की पुरे.

चौथी पायरी: नजर वळवणं

साधारण आठव्या सेशनपासून तीन छोटे सराव येतात. पहिला, दिवसातल्या एका साध्या अडचणीत निदान दोन-तीन बऱ्या बाजू शोधणं. बस चुकली, तर चालताना फोनवर बहिणीशी बोलणं झालं. हा सराव क्षुल्लक अडचणींवरच करायचा. मृत्यू, अत्याचार, आजार, अन्याय यांत बरी बाजू शोधायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि थेरपिस्टने तसं सुचवलं तर नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरा, चांगल्या गोष्टीतला आपला वाटा लिहिणं. नैराश्यात अपयश 'माझ्यामुळे' आणि यश 'नशिबाने' असा हिशेब चालतो. 'बैठक बरी झाली, लोक चांगले होते' इथे न थांबता 'मी आदल्या रात्री मुद्दे काढले, उशीर झालेल्याला मी सांभाळून घेतलं' असं लिहायचं. मोठ्याने वाचायचं. अवघडल्यासारखं वाटतं, ते चालेल.

तिसरा सराव ओढीसाठी आहे: येत्या दोन-तीन दिवसांत होणारी एखादी गोष्ट आधीच मनात जगून पाहणं. ती आपल्या हातातली आणि ठरलेली हवी. 'मला नोकरी मिळाली' असं स्वप्न नको, 'शुक्रवारी मित्राच्या घरची घंटा वाजवली' असा प्रसंग हवा. पद्धत तिसऱ्या पायरीचीच: वर्तमानकाळ, स्वतःचे डोळे, तपशील, ५ मिनिटं. मध्येच काहीतरी बिनसल्याचं चित्र आलं, तर ते पुसत बसू नका. कथा पुढे न्या. 'सुरुवातीला बोलणं अडखळलं, मग त्याने कुत्र्याला हाक मारली आणि आम्ही दोघं हसलो.' आधी आणि नंतर 'जावंसं किती वाटतंय' याचा आकडा लिहा.

पाचवी पायरी: माणसांकडे

शेवटच्या चारेक आठवड्यांत मैत्रीभावना, कृतज्ञता, देणं आणि मुदिता असे चार सराव असतात. प्रत्येकाला साधारण एक आठवडा.

मैत्रीभावनेत १० मिनिटं बसून एखाद्याला मनातून 'तुला शांती लाभो, तुझी काळजी हलकी होवो' असं म्हणायचं. सुरुवात स्वतःपासून करू नका. स्वतःवर रागावलेल्या माणसाला तीच पायरी सगळ्यात कठीण जाते. ज्याच्याबद्दल मनात गुंता नाही अशा कुणापासून सुरू करा. लहान मूल, पाळीव प्राणी, एखादा जुना शिक्षक. मग ओळखीचं पण तटस्थ माणूस, आणि दोन-तीन दिवसांनी स्वतः. ज्याने छळलं त्याच्यापर्यंत जायची सक्ती नाही.

कृतज्ञतेची वही पुष्कळांनी सुरू करून सोडलेली असते, कारण तिसऱ्या दिवशी 'कुटुंब, आरोग्य, घर' हेच पुन्हा लिहिलं जातं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या अभ्यासाच्या एका भागात लोकांनी १० आठवडे, आठवड्यातून एकदाच, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या होत्या. रोज लिहिलंच पाहिजे असं काही नाही. दररोजच्या ओळीपेक्षा 'लिफ्टचं दार शेजाऱ्याने धरून ठेवलं, माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या' हा तपशील मोलाचा. आणि कृतज्ञता लिहिताना 'एवढं असून मी रडते' अशी शरम वाटत असेल तर ते विरजण आहे, वर सांगितलेली रीत वापरा.

देण्यात छोट्या कृती असतात: कुणाला वेळ देणं, नेमकी स्तुती करणं, मदत करणं. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, दिवसाला एक. ज्यांना आधीच नाही म्हणता येत नाही, त्यांनी हा सराव थेरपिस्टशी बोलून वळवून घ्यावा. त्यांच्यासाठी मदत स्वीकारणं हाच गृहपाठ. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद मानणं. इथे मत्सर वर येतोच. ज्यांच्याशी स्पर्धा नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.

किती वेळ, आणि हलत नसेल तर

ढोबळ आखणी अशी: आठवड्याला एक सेशन, पहिली सात कृती आणि क्षण पुन्हा जगण्यासाठी, आठ ते दहा नजर वळवण्यासाठी, अकरा ते चौदा माणसांकडच्या सरावांसाठी, पंधरावं पुढच्या तयारीसाठी. पहिला टप्पा लांबला तर लांबू द्या. तिथे घाई केली की पुढचं सगळं कागदावरच राहतं.

मोजमाप दर दोन आठवड्यांनी. १९८८ पासून वापरात असलेली २० शब्दांची एक प्रश्नावली थेरपिस्टकडे असते. तिच्यात १० शब्द सुखद आणि १० नकोशा भावनांचे असतात आणि प्रत्येक गटाचे गुण १० ते ५० च्या दरम्यान येतात. सुखदच्या गुणांवर नजर ठेवा. नैराश्याची ९ प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली भरत असाल तर तिच्या एकूण गुणांखेरीज पहिल्या प्रश्नाचं उत्तर वेगळं पाहा, कारण तो प्रश्न रस आणि आनंद कमी होण्याबद्दलच आहे. एकूण गुण उतरले आणि पहिला प्रश्न जागच्या जागी, असं चित्र दिसलं तर अजून काम बाकी आहे.

सहा आठवड्यांत आकडा अजिबात हलला नाही तर या क्रमाने तपासा. नोंद त्याच वेळी होते की रात्री? काम झाल्यावर क्षण पुन्हा जगणं होतं की नुसतं काम उरकलं जातं? (बहुतेकदा इथेच सापडतं.) यादीत कर्तव्यंच आहेत का? विरजणाचा रकाना रिकामा का? तो रिकामा असणं म्हणजे वाक्य येत नाही असं नसून, इतकं सवयीचं झालंय की दिसत नाही. झोप, व्यसन, औषध, शरीराचे आजार? हे सगळं ठीक असूनही हलत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

थेरपिस्टसाठी एक आग्रह: सेशनची पहिली १५ मिनिटं वही उघडून नोंद वाचण्यासाठीच राखून ठेवा. आठवड्यातल्या भांडणाची हकिगत आधी सुरू झाली की वही पिशवीतच राहते, आणि दोन आठवड्यांत सराव सुटतो.

शेवटच्या सेशनमध्ये एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्या. माझी सुरुवातीची खूण (उदाहरणार्थ, मित्राचा फोन वाजतो आणि उचलावासा वाटत नाही, हे सलग तीन दिवस). त्या वेळी करायची दोन सगळ्यात सोपी कामं, मिनिटांसकट. आणि विरजणाची माझी तीन वाक्यं, नावांसकट. पहिले तीन महिने दर रविवारी दोन आकडे लिहीत राहा. सुखदचा आकडा लागोपाठ दोन रविवार तुमच्या नेहमीच्यापेक्षा दोनने खाली गेला, तर त्याच आठवड्यात दुसरी पायरी पुन्हा सुरू करा आणि थेरपिस्टची वेळ घ्या.